टॅरोचा डेक घेताय? आधी कप्सची चौदा पानं नीट बघा

टॅरोचा डेक, म्हणजे भविष्य सांगायला वापरतात तो चित्रांच्या पत्त्यांचा जोड, घेताना माणसं पहिल्यांदा कुठली पानं काढून बघतात तर डेथ, डेव्हिल, लव्हर्स आणि तो वीज पडलेला टॉवर. ती पानं कुठल्याही डेकात बरीच दिसतात हो, छपाई कितीही टुकार असली तरी सांगाडा तो सांगाडाच. डेक चांगला की भंगार हे कळतं कप्सवरून, म्हणजे प्याल्यांच्या चौदा पानांवरून, असं माझं ठाम मत आहे, म्हणून हा रिव्ह्यू मी फक्त कप्स धरून लिहितेय, बाकीची चौसष्ट पानं यात फारशी येणार नाहीत, कोणाला स्वोर्ड्स आवडत असतील तर त्यांनी वेगळं लिहावं, मी आवडीने वाचेन.

तर समोर तीन डेक आहेत. एक म्हणजे सगळ्यांनी कुठे ना कुठे बघितलेला तो पिवळ्या डब्यातला रायडर-वेट, रंग भडक आणि स्वच्छ. दुसरा स्मिथ-वेट सेंटेनियल, चित्रं तीच, रेषा त्याच, पण रंग जुन्या छपाईसारखे मवाळ. हे दोन माझे. तिसरा माझ्या मामेबहिणीचा, गोव्यातल्या हणजुणच्या बुधवारच्या बाजारात घेतलेला, डब्यावर नाव तेच, आत चित्रं तीच, किंमत निम्म्याहून कमी, आणि छापला कोणी याचा डब्यावर कुठे पत्ताच नाही. याला मी खाली नक्कल म्हणेन, म्हणजे गोंधळ नको.

ज्यांना टॅरो म्हणजे काय हेच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. एकूण ७८ पानं, त्यातली २२ मोठी म्हणजे मेजर आर्काना, उरलेली ५६ चार सूटमध्ये, वाँड्स म्हणजे काठ्या, कप्स म्हणजे प्याले, स्वोर्ड्स म्हणजे तलवारी, पेंटॅकल्स म्हणजे नाणी, प्रत्येकात एक्का ते दश्शी आणि वर पेज, नाइट, क्वीन, किंग. आपल्या नेहमीच्या पत्त्यांत जे बदाम ते इथे कप्स. आणि हे काही इजिप्तचं प्राचीन ज्ञान वगैरे नाही, पंधराव्या शतकात उत्तर इटलीत श्रीमंत घरांतून खेळायचे पत्ते होते, भविष्य सांगायला त्यांचा सर्रास वापर सुरू झाला अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये. इजिप्तची थापही त्याच काळातली आणि तिथलीच.

आत्ता आपण जी चित्रं बघतो ती डिसेंबर १९०९ मध्ये लंडनला आली. कल्पना ए. ई. वेटची, छापणारी रायडर कंपनी, म्हणून रायडर-वेट. ज्या बाईने सगळी चित्रं काढली तिचं नाव मात्र डब्यावर यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. पामेला कोलमन स्मिथ. दोघंही गोल्डन डॉन नावाच्या गूढविद्यावाल्या मंडळींपैकी. हे काम झाल्यावर तिने एका ओळखीच्या माणसाला पत्रात लिहिलं होतं की मोठं काम संपवलं आणि पैसे अगदीच थोडे मिळाले. पुढे १९५१ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये बिचारी कर्जातच गेली. आज जगात सगळ्यात जास्त ओळखली जाणारी टॅरोची चित्रं तिची, आणि चित्रांवरचा हक्क केव्हाच संपल्यामुळे आता कोणीही उठतो आणि छापतो, त्यामुळे बाजारात धड आणि बिनधड दोन्ही माल भरपूर.

आता कप्सच का, ते सांगते. त्याआधीच्या बहुतेक डेकांत लहान पानांवर चित्रं नव्हती, कप्सची पंजी म्हणजे पाच प्याले मांडलेले, संपलं, आपली बदामाची पंजी असते तशीच. स्मिथबाईंच्या डेकात जवळजवळ प्रत्येक पानावर माणूस आहे आणि काहीतरी चाललेलं आहे. बाई नाटकवाल्यांत वावरलेली होती, स्टेजची कामं केलेली, त्यामुळे तिची बरीच पानं जत्रेतल्या नाटकाच्या रंगवलेल्या पडद्यासारखी वाटतात, पुढे पात्र उभं, मागे नदी, डोंगर, एखादं घर, आणि पात्र कुठे बघतंय त्यावर सगळा प्रसंग. कप्समध्ये तर हे फारच. प्याला पुढे आहे की मागे, माणूस त्याच्याकडे बघतोय की पाठ फिरवून आहे, एवढ्यावर अर्थ ठरतो. म्हणजे छपाईत एखादी कड कापली गेली किंवा एखादा चेहरा फिस्कटला की पानाचा अर्थच गेला.

पंजी घ्या. काळा झगा घातलेला माणूस, मान खाली, समोर तीन प्याले लवंडलेत. पाठीमागे उजवीकडे दोन प्याले सरळ उभे आहेत, ते त्याला दिसत नाहीत. पलीकडे नदी, नदीवर पूल, पुलापलीकडे छोटा वाडा. झालं, पान म्हणजे एवढंच, गेलेल्याकडे बघत राहिलेला माणूस आणि न दिसणारं उरलेलं. आता मामेबहिणीची नक्कल बघा, चारी बाजूंनी चित्र मोठं करून छापलंय की काय कोण जाणे, उजवीकडचा प्याला अर्धा कापला गेलाय आणि दुसरा झग्याच्या काळ्यात मिसळलाय. पूल आहे पण तो पूल आहे हे आधी माहीत असेल तरच कळतं. राहिलं काय, तर दुःखी माणूस आणि सांडलेले प्याले. नवीन शिकणारा हे पान बघून म्हणणार सगळं संपलं, आणि तसं ते नाहीच आहे मुळी.

वेटने या पंजीचा अर्थ देताना वारसाहक्क, वडिलोपार्जित मिळकत असंही लिहिलंय, म्हणजे मिळेल, पण मनात धरलं होतं तेवढं नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसले कारण गोव्यात हे पान छापून कोर्टाच्या दारावर लावायला हरकत नाही. घरटी एक इन्व्हेंटरीची, म्हणजे वारशाच्या वाटणीची, केस, पोर्तुगीज काळापासून चालत आलेले वाटण्यांचे नियम, पाच भावंडं, त्यातली दोन परदेशात, एक बोलत नाही, आणि मध्ये एक कौलारू घर.

आता त्यावरूनच आठवलं म्हणून एक सर्व्हिसचा रिव्ह्यू पण इथेच करून टाकते, नाव घेत नाही, हरमलच्या बाजूला किनाऱ्यावरच्या एका शॅकमध्ये टॅरो वाचायला संध्याकाळचं टेबल लावून बसतात त्यांच्यापैकी एक. मामेबहीण, भावोजी आणि मी, तिघं गेलो होतो. बहिणीने प्रश्न नीट विचारला होता, बाबांच्या घराच्या हिश्शाचं काय होईल. तीन पानं काढली, मधलं कप्सची पंजी. मी मनात म्हटलं वा, यापेक्षा नेमकं पान येणार नाही. आणि त्या बाईंनी काय सांगावं, तर तुमच्या आयुष्यात एक जवळचं नातं तुटलेलं आहे, त्या व्यक्तीला तुम्ही अजून विसरला नाहीत. भावोजी शेजारी शहाळं पीत बसलेले. स्ट्रॉ तोंडातच राहिली. बहीण म्हणाली अहो घराचं विचारलं मी, तर म्हणे कप्स म्हणजे लव्ह, कार्ड खोटं बोलत नाही. परत येताना गाडीत पूर्ण शांतता, म्हापशाच्या सिग्नलला भावोजींनी एकदाच विचारलं, कोण गं तो.

हा जो प्रकार आहे ना, कप्स सरळ आलं की लव्ह, उलटं, म्हणजे डोकं खाली पाय वर, आलं की ब्रेकअप, ह्याला माझा एक स्टार. तोही शहाळ्यासाठी. कप्स म्हणजे पाण्याचं तत्त्व, भावनांचं, हे बरोबर, पण भावना म्हणजे नुसतं प्रेम कुठे असतं हो, त्यात कंटाळा येतो, आठवण येते, हाव येते, स्वप्नरंजन येतं, सोडून जावंसं वाटणं येतं, आणि या सूटमध्ये ते सगळं एकेका पानावर काढून ठेवलंय. प्रेमाचं म्हणावं असं सरळ पान एकच, दुरी, मुलगा मुलगी समोरासमोर प्याले धरून उभे, वर पंखवाल्या सिंहाचं डोकं. तिरी म्हणजे मैत्रिणींची पार्टी, फळं, भोपळा, प्याले उंच. दश्शी म्हणजे इंद्रधनुष्य, घर, नवरा-बायको, नाचणारी दोन मुलं, गृहप्रवेशाच्या निमंत्रणपत्रिकेवर चालेल. ही तीन पानं छान आहेत पण त्यांच्यात बघण्यासारखं फार नाही, आणि रीडिंगवाले नेमके यांच्यावरच दुकान चालवतात.

खरी मजा चौकी आणि नव्वीत. चौकीत एक तरुण झाडाखाली बसलाय, हात छातीशी घट्ट बांधलेले, समोर तीन प्याले, आणि ढगातून एक हात चौथा पुढे करतोय, हा बघायलाही तयार नाही. वेट म्हणतो की जगातल्या सगळ्या दारूने आता नुसता वीट आलाय असा हा माणूस. नव्वीत एक गोलमटोल गृहस्थ बाकावर बसलाय, त्याचेही हात तसेच छातीशी बांधलेले, पाठीमागे निळं कापड घातलेल्या उंच फळीवर नऊ प्याले ओळीने मांडलेत. ह्या पानाला हल्ली विश कार्ड म्हणतात, मनातली इच्छा पूर्ण. म्हणजे हात दोघांचेही बांधलेलेच, एकाचा वीट आणि दुसऱ्याचं समाधान. फरक सगळा चेहऱ्यात आणि प्याले कुठे आहेत त्यात. चौकीवाल्याची नजर खाली. नव्वीवाला आपल्याकडे बघून मिशीतल्या मिशीत खूश. मला तर तो नेहमी जरा जास्तच खूश वाटतो, नवीन शोकेस पाहुण्यांना दाखवणाऱ्या माणसाचं जसं होतं तसं, आणि प्याले त्याच्या मागे आहेत म्हणजे तुम्हाला बघायला मिळतील, प्यायला नाही. बरं, नव्वी उलटी आली तर वेट वाईट सांगतो असंही नाही, सत्य, निष्ठा, मोकळीक हे अर्थ आधी देतो आणि चुका, त्रुटी नंतर. हे शॅकवाल्या ताईंना कोणीतरी सांगा.

नकलेत या दोघांचे चेहरे बघायला गेलात तर चौकीवाल्याला चेहरा म्हणून एक गुलाबी डाग आहे आणि नव्वीवाल्याला दुसरा गुलाबी डाग. पिवळ्या डब्यातल्या डेकात दोन्ही स्वच्छ, रेषा ठसठशीत. सेंटेनियलमध्ये रेषा बारीक वाटतात आणि रंग मागे सरतात, त्यामुळे चेहऱ्याकडे लक्ष जास्त जातं, मला तो आवडतो, पण रात्री ट्यूबलाइटखाली किंवा वीज गेल्यावर मेणबत्तीत बघायचं तर पिवळा डबा बरा, हे खरं.

अठ्ठी माझं सगळ्यात आवडतं पान. पुढे आठ प्याले रचलेत, खाली पाच, वर तीन, आणि वरच्या ओळीत मध्येच एक जागा रिकामी. माणूस पाठमोरा, लाल कपडे, हातात काठी, डोंगराकडे निघालाय. वर चंद्र, त्याला चेहरा आहे, डोळे मिटल्यासारखे, खाली बघतोय. गंमत अशी की इथे काहीही सांडलेलं नाही. पंजीत नुकसान झालं म्हणून दुःख, चौकीत नुकसान नाही तरी वैताग पण माणूस जागचा हलत नाही, आणि अठ्ठीत सगळं नीट रचून ठेवून माणूस निघालाय. आमच्या वाड्यावर आजूबाजूची निम्मी मुलं अशी गेली, पोर्तुगीज पासपोर्ट काढला, घराला रंग दिला, आईला नवीन फ्रीज घेऊन दिला आणि लंडनला. भांडण नाही, कर्ज नाही, गावात सगळं व्यवस्थित. कोणी विचारलं का गेला तर सांगायला नीट कारणही नाही. वेटचा अर्थ तर आणखी थंड आहे, जी गोष्ट फार महत्त्वाची वाटत होती ती तेवढी महत्त्वाची नव्हती, एवढंच. बरं की वाईट हे सांगतच नाही.

गोल्डन डॉनवाल्यांनी लहान पानांना ग्रह-राशी पण वाटून दिल्यात. कप्सला तिन्ही जलराशी, दुरी ते चौकी कर्क, पंजी ते सत्ती वृश्चिक, अठ्ठी ते दश्शी मीन. अठ्ठीला येतो मीनेतला शनी. हे वाचून आमच्या काकी एकदम सावरून बसल्या, शनी म्हटल्यावर इकडे सगळ्यांचे कान टवकारतात. पण एक लक्षात ठेवा, टॅरोवाले धरतात त्या राशी सायन म्हणजे ऋतूंवरून मोजलेल्या, आपल्या पंचांगातल्या निरयन म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेल्या, दोहोंत साधारण चोवीस अंशांचा फरक, त्यामुळे कालनिर्णय उघडून टॅरोशी जुळवत बसू नका, जुळणार नाही आणि उगाच डोकं फिरेल.

सत्तीबद्दल थोडक्यात. ढगात सात प्याले, त्यात मुंडकं, साप, किल्ला, दागिने, विजयाची माळ, राक्षसी प्राणी आणि मध्ये कापडाने झाकलेली चमकणारी आकृती. समोर बघणारा माणूस नुसती काळी सावली. स्वप्नं भरपूर, हाताला टिकाऊ असं काही नाही. ज्या प्याल्यात माळ आहे त्याच प्याल्यावर बारीक कवटी काढलीय, ती दिसते का बघा, डेक घेताना ही फार चांगली टेस्ट आहे. माझ्या दोन्ही डेकांत दिसते. नकलेत तिथे खरवडल्यासारखं काहीतरी आहे. छक्की मला स्वतःला जरा गोडमिट्ट वाटते, जुन्या वाड्याच्या अंगणात मुलं, प्याल्यांत पांढरी फुलं, लहानपणच्या आठवणी वगैरे, पण मागे भाला घेऊन निघून जाणारा एक राखणदार आहे, तो दिसला की पान एकदम वेगळं होतं, कारण अंगणावर लक्ष ठेवणारं आता कोणी राहिलेलं नाही.

एक्का आमच्या शेजारच्या आंटीने वाचला, मी नाही. ढगातून आलेल्या हातावर प्याला, वरून पांढरं कबूतर चोचीत गोल चकती घेऊन उतरतंय, प्याल्यातून पाण्याच्या धारा, खाली कमळं. मला ती चकती नाणं वाटायची शक्यता होती बघा, आंटी चहा घेता घेता डोकावली आणि म्हणाली, हे तर मिसाचं, पाद्री वर धरतो ती ओस्ती, बघ वर क्रूसपण आहे. आणि खरंच चकतीवर बारीक क्रूस आहे. कबूतर म्हणजे त्यांचा पवित्र आत्मा. वेटला त्या होली ग्रेलचं, येशूच्या शेवटच्या जेवणातल्या प्याल्याचं, भयंकर वेड होतं, त्याच १९०९ मध्ये त्याने त्यावर जाडजूड पुस्तक काढलं होतं, त्यामुळे हा एक्का सरळ तिथूनच आलाय. आणखी एक गंमत, वेट स्वतः लिहितो की प्याल्यातून चार धारा वाहतायत, चित्रात मोजा, पाच आहेत. एवढी वर्षं लोक यावर डोकेफोड करतात, कोणी म्हणतं पाच म्हणजे पंचेंद्रियं, मला वाटतं बाईंनी त्याचं ऐकलंच नाही आणि तिला जशा छान दिसल्या तशा काढल्या. नकलेत धारा मोजता येत नाहीत, पाणी एकच पांढरा पट्टा. सेंटेनियलमध्ये सगळ्यात सुंदर पान हेच.

आता राजघराणं. पेज म्हणजे फुलाफुलांचा अंगरखा घातलेला पोरगा, समुद्रापुढे उभा, आणि त्याच्या प्याल्यातून मासा डोकं वर काढून त्याच्याकडे बघतोय. आमच्याकडे मासा हुमणात म्हणजे आमटीत असतो त्यामुळे हे पान बघून घरात सगळे हसतातच, पण अर्थ छान आहे, मनातल्या कल्पनेने आकार घेतला आणि ती उलट तुमच्याकडे बघायला लागली. लिहिणाऱ्या, चित्र काढणाऱ्या माणसाला हे पान आलं की त्याला वेगळं काही सांगावं लागत नाही. नाइटचा घोडा संथ चालतो, टोपीला पंख, हातात प्याला अगदी सांभाळून, म्हणजे कोणीतरी येतंय, निरोप येतोय, मागणं येतंय. उलटा आला तर फसवणूक, लबाडी. स्थळं बघणाऱ्या आयांनी हे दुसरं वाक्य पाठ करून ठेवावं, सांभाळून प्याला धरलेला प्रत्येक घोडेस्वार काही जावई करून घ्यायच्या लायकीचा नसतो.

राणीपाशी जरा थांबा. समुद्रकिनारी सिंहासन, पायापर्यंत पाणी आणि खडे, हातात या सूटमधला सगळ्यात नक्षीदार प्याला, दोन बाजूंना देवदूत, आणि त्याला झाकण आहे. बाकी सगळ्यांचे प्याले उघडे, हिचाच बंद. आत काय आहे ते तिला ठाऊक, आपल्याला नाही, आणि ती त्याच्याकडे एकटक बघत बसलीय. वेट तिला स्वप्नाळू म्हणतो पण लगेच पुढे हेही म्हणतो की ती नुसती बघत नाही, करतेही, आणि करण्यातून तिचं स्वप्न पोसलं जातं. आमच्या मामी अशा आहेत, अख्खं घर त्यांनी चालवलं, मनातलं एक अक्षर कधी कोणाला कळलं नाही. राजा बरोबर हिच्या विरुद्ध, भर समुद्रात सिंहासन, मागे एका बाजूला गलबत, दुसऱ्या बाजूला उसळी मारणारा मासा, गळ्यात मासा, हातात प्याला धरलेला पण बघतो भलतीकडेच, आणि चहूकडे पाणी असून याचे पाय काही भिजत नाहीत. वकील, व्यापारी, धर्माचा माणूस, मदतीला तयार. उलटा आला की दुतोंडी. राणी किनाऱ्यावर बसून पाण्याशी जोडलेली आणि राजा पाण्यात बसून कोरडा, याच्यावर मी काही बोलत नाही, लग्न झालेल्यांनी समजून घ्यावं.

मामींचा विषय निघालाच आहे तर, त्यांना हे सगळं थोतांड वाटतं. शॅकमधला किस्सा ऐकून म्हणाल्या, एवढे पैसे घालवण्यापरीस देवळात प्रसाद लावला असता तर. आता इकडे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मूर्तीला पाण्याने पाकळ्या चिकटवतात, मनात प्रश्न धरायचा, उजवी पाकळी पडली की देवाचा होकार. मी म्हटलं मामी, तुमचा देव हो की नाही सांगतो, ही पानं हो-नाही सांगतच नाहीत, घर मिळेल का विचारलं तर मिळेल-नाही मिळेल असं उत्तर यात नाही, पाठीमागे दोन प्याले उभे आहेत ते बघितलेस का, एवढंच यात आहे. मामी म्हणाल्या, ते मी फुकट सांगितलं असतं. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि खरं सांगायचं तर भविष्य कळतं म्हणून हा डेक घेत असाल तर घेऊ नका, निदान माझ्या शब्दावर तरी नको. चित्रं बघत बसायला आवडत असेल आणि दुसऱ्याचा प्रश्न शांतपणे ऐकून घ्यायची सवय असेल तर घ्या.

बारीकसारीक गोष्टी राहिल्या. पानं मोठी आहेत, साधारण पावणेतीन बाय पावणेपाच इंच, लहान हातांना नेहमीच्या पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत, मी जमिनीवर पसरून हाताने गोल गोल मिसळते. दुरी ते दश्शीवर सूटचं नाव नाही, फक्त वर रोमन आकडा, त्यामुळे सुरुवातीला प्याले मोजत बसावं लागतं. पानाच्या खालच्या कोपऱ्यात पामेलाची सही असते, अक्षरं एकमेकांत गुंतवलेली, डेक घेताना ती शोधा, कड कापून छापणाऱ्यांची पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते. उजेडात दुकानदाराला पानं उघडून दाखवायला सांगा, नाही म्हणाला तर पुढे चला. बघायचं काय तर पंजीचे मागचे दोन प्याले, अठ्ठीच्या चंद्राचा चेहरा, सत्तीतली कवटी आणि राणीच्या प्याल्याचं झाकण. ऑनलाइन घेत असाल तर विकणाऱ्याने टाकलेले फोटो नको, घेतलेल्या माणसांनी टाकलेले फोटो बघा, त्यात कप्सची पानं शोधा.

सोबतच्या पुस्तिकेवर विसंबून राहू नका, कुठल्याच डेकच्या. एका पानाला दोन-तीन ओळींत अर्थ, वाचून पाठ केलात तर शॅकवाल्या ताई होईल तुमची. आधी पान बघायचं, कोण कुठे बघतोय ते ठरवायचं, मग पुस्तिका उघडायची.

स्टार द्यायचे तर सेंटेनियलला पाच, पिवळ्या डब्याला चार, कारण आकाश इतकं पिवळं मला डोळ्यांवर येतं, बाकी शिकायला तोच उत्तम, पुस्तकांत आणि व्हिडिओंत सगळीकडे तीच छपाई असते. नकलेला दीड, अर्धा स्टार जाड कागदासाठी.

आणि गोव्यातल्या लोकांसाठी खास, पावसाळ्यात डेक उघड्यावर ठेवू नका. ते रेशमी कापडात गुंडाळून उशाशी ठेवायचं वगैरे व्हिडिओत सांगतात ते युरोपात चालत असेल, इकडे जून लागला की कपाटातल्या चपला हिरव्या होतात तर पत्त्यांचं काय घेऊन बसलात. पानं फुगतात, कडा वर येतात, एकमेकांना चिकटतात आणि ओढून काढली की चित्राची साल निघते. घट्ट झाकणाचा डबा घ्या, नवीन बुटांच्या खोक्यात मिळतात त्या सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या आत टाका, डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, आणि भर पावसात कोणी रीडिंग मागितलं तर आधी पंख्याखाली पानं पसरा, माणसाला चहा द्या, मग बसा. पुड्या चवथीच्या आधी एकदा बदला.